हळदीच्या पाण्याचा हिशेब

आमच्या मागच्या दाराशी, मोरीच्या कट्ट्याला टेकून एक जर्मनचे पातेले ठेवलेले असते. त्याच्या काठाला एके ठिकाणी पोचा आला आहे आणि तळ उन्हापाण्याने काळवंडला आहे. ते काठोकाठ भरले तर त्यात एक लिटर पाणी मावते, ही गोष्ट मला २०२५च्या एप्रिलपर्यंत ठाऊक नव्हती, कारण ते मोजण्याची वेळच कधी आली नव्हती. ते पातेले हळदीचे आहे. हळदी ही आमची कुत्री, आणि त्या एप्रिलमध्ये ती साडेअकरा वर्षांची होती.

२०१३च्या दिवाळीच्या तोंडावर माझे सासरे तिला सांगलीच्या मार्केट यार्डातून घरी घेऊन आले. अण्णा तेव्हा एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. पोत्यांच्या थप्पीमागे कोणीतरी आणून सोडलेले ते पिल्लू वाळल्या हळकुंडाच्या रंगाचे होते आणि त्यात त्याच्या अंगावर पोत्यांतली पिवळी धूळ बसलेली होती, त्यामुळे नाव शोधावे लागले नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरून आमच्या उंबऱ्यावर चढू लागले, तेव्हा होडी घेऊन आलेल्या मुलांना अण्णांनी स्पष्ट सांगितले होते की हळदीला घेणार असाल तरच मी बसतो. आणि विश्रामबागेतल्या माझ्या नणंदेच्या घरी पोहोचेपर्यंत त्यांनी तिला मांडीवरून खाली उतरू दिले नव्हते. हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे जो वाद झाला त्यात अण्णा आमच्या विरुद्ध बाजूला होते, आणि तो विरोध माया कमी होती म्हणून नव्हता.

पाडवा झाला आणि ऊन तापू लागले. एप्रिलमध्ये सांगलीत दुपारी पारा चाळिशीला टेकतो, माणसे तांब्यावर तांब्या पाणी पितात, माठ दिवसातून दोनदा भरावा लागतो. हळदीही जास्त पाणी पिऊ लागली. तिचे पातेले रोज सकाळी सासूबाई विसळून भरतात. एका सकाळी त्या म्हणाल्या, "अगं, हिचं पातेलं काल चारदा भरलं मी. आणि आत्ता बघितलं तर परत कोरडं." मी डब्यासाठी पोळी गुंडाळत होते. मी म्हणाले, "आई, ऊन किती आहे." त्यांनी पुढे काही म्हटले नाही. नंतरच्या कित्येक रात्री मला त्यांचे ते वाक्य आठवत राहिले, आणि त्याहून जास्त त्यांचे ते गप्प बसणे.

मग ती रात्री दोनदोनदा दार खरवडून बाहेर जाऊ लागली आणि एकदा जिन्याखालीच लघवी करून बसली. आम्ही म्हटले, वय झाले. तिने अर्धी भाकरी तशीच टाकली, तेव्हाही वय झाले म्हटले. संध्याकाळी फिरायला नेले तर ती कोपऱ्यावरूनच माघारी वळली, तेव्हा वय झाले आणि त्यात ऊन, असे दोन्ही म्हटले. घरातल्या म्हाताऱ्या जनावराच्या बाबतीत हे शब्द फार सोयीचे पडतात. ते बोलून टाकले की पुढे काही पाहावे लागत नाही.

पावसाळ्यात सांगलीत लहान पोरालासुद्धा पाण्याची पातळी तोंडपाठ असते. सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, आणि २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, हे इथे कोणालाही झोपेतून उठवून विचारावे. असे पाणी फुटाफुटाने मोजणाऱ्या गावात राहून आम्ही मागच्या दाराचे पातेले मोजले नाही. निरोगी कुत्र्याला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी पुरते. उन्हाळ्यात ते थोडे वाढते, पण १०० मिलीच्या वर जाऊ लागले तर उन्हाचे कारण देऊन थांबू नये आणि तपासणी करावी, असे पुढे डॉक्टरांनी आम्हाला सांगितले. हळदीचे वजन १६ किलो. म्हणजे तिची इशाऱ्याची पातळी १,६०० मिली होती, आणि सासूबाईंच्या हिशेबाने ती चार लिटर पाणी पीत होती.

शुक्रवारी तिला पिवळ्या फेसाची उलटी झाली, तेव्हा आम्ही तिला जवळच्या एका दवाखान्यात नेले. "हिला ऊन लागलंय," असे म्हणतच आम्ही आत शिरलो. तिथल्या डॉक्टरांनी ताप पाहिला, ताप नव्हता. त्यांनी कातडीखाली सलाईन दिले, उलटी थांबण्याचे इंजेक्शन दिले, सावलीत ठेवायला सांगितले आणि पाच मिनिटांत आम्ही बाहेर आलो. तिच्या पोटाला कोणाचा हात लागला नाही. याचा राग मला बरेच दिवस होता आणि अजूनही पूर्ण गेलेला नाही. पण त्यात आमचाही वाटा आहे हे मला मान्य करावे लागते, कारण आजाराचे नाव आम्हीच ठरवून नेले होते आणि त्यांनी त्याला फक्त मान डोलावली. तेव्हापासून मी दवाखान्यात कारण सांगत नाही. काय दिसले, कधीपासून दिसले आणि दिवसातून किती वेळा दिसले, एवढेच सांगते.

रविवारी पहाटे ती न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर आडवी पडलेली सापडली. हाक मारल्यावर शेपटीचे टोक हलले, पण मागचे पाय उचलेनात. पोट तट्ट झाले होते. मी तिचा वरचा ओठ उचलून पाहिला. एरवी तिच्या हिरड्या ओल्या आणि गुलाबी असतात; त्या दिवशी त्या विटकरी रंगाच्या झाल्या होत्या आणि बोटाला चिकटत होत्या. हिरडीवर अंगठा दाबून सोडला की पांढरा झालेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा भरून आला पाहिजे, ही खूण मला तेव्हा ठाऊक नव्हती. मी नुसतीच दाबत राहिले आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

मिरज रस्त्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. रविवार असूनही त्यांनी फोन उचलला आणि लगेच या म्हणाल्या. रिक्षाच्या मागच्या सीटवर गोधडी अंथरून आम्ही हळदीला नेले. त्यांनी तिला टेबलावर घेतले, पोटावरून दोन्ही हात फिरवले, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "शेवटची माजावर कधी आली होती?"

मी नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने माझ्याकडे. दोघांनाही सांगता येईना. शेवटी घरी फोन लावला. सासूबाईंनी क्षणभरही विचार न करता सांगितले, "महाशिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात. फरशीवर डाग पडायचे ते मीच पुसत होते. या खेपेला बरेच दिवस चाललं." डॉक्टरांनी बोटांवर मोजले आणि म्हणाल्या, "सात-आठ आठवडे. बरोबर बसतंय." पोटावरचे केस भादरून त्यांनी सोनोग्राफीचे यंत्र फिरवले. पडद्यावर एकाला एक लागून काळे फुगे दिसत होते. त्या म्हणाल्या की हा पायोमेट्रा आहे, गर्भाशयात पू साठला आहे, आणि तो बंद प्रकारचा आहे.

नंतर त्यांनी जे समजावून सांगितले आणि पुढे मी स्वतः जे वाचले, ते इथे सविस्तर लिहिते, कारण साडेअकरा वर्षे कुत्री सांभाळूनही यातले एक अक्षर मला माहीत नव्हते. बाईची पाळी जशी ठरावीक वयात जाते, तसे कुत्रीचे होत नाही. ती म्हातारी झाली तरी माजावर येतच राहते. फार तर मधले अंतर वाढते. प्रत्येक माजानंतर, गर्भ राहिलेला असो वा नसो, तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक साधारण दोन महिने वाढलेले राहते. त्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होते आणि तिथली रोगाशी झुंजण्याची ताकद कमी होते. वर्षानुवर्षे असे होत राहिले की ते अस्तर बिघडते. माजाच्या काळात गर्भाशयाचे तोंड उघडे असताना आतड्यातले नेहमीचेच जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, आत शिरतात, आणि नंतर तोंड मिटले की आत त्यांना आयती जागा मिळते. तोंड थोडे उघडे राहिले तर पू बाहेर येतो, घरच्यांना दिसतो, वास येतो आणि धावाधाव होते. तोंड पूर्ण बंद झाले तर बाहेर काहीच दिसत नाही. पू आत साठत राहतो, त्याचे विष रक्तात उतरते, आणि त्या विषामुळे मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येईनासे होते. लघवी वाढते आणि ती भरून काढण्यासाठी तहान वाढते. चारदा भरलेले पातेले हे त्या आजाराचेच लक्षण होते. ताप तर या आजारात पुष्कळदा नसतोच, आणि ताप नाही म्हणून आम्ही निर्धास्त झालो होतो.

स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांचा विमा उतरवण्याची पद्धत जुनी आहे आणि निरोगी कुत्रीची नसबंदी करण्याची पद्धत पूर्वी तिथे फारशी नव्हती. तिथल्या विम्याच्या नोंदींवरून असे आढळले आहे की नसबंदी न केलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश कुत्र्यांना वयाच्या दहा वर्षांच्या आत हा आजार होतो. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. म्हणजे आमच्यावर आभाळ कोसळले असे जे मला वाटत होते, ते तसे नव्हते. दर चारांतल्या एकीला होणारी ही गोष्ट होती.

रक्ताचा अहवाल तासाभरात आला. पांढऱ्या पेशी ४१,००० होत्या. त्या १७,०००च्या आत हव्यात. क्रिएटिनिन २.३ होते, म्हणजे मूत्रपिंडांवरही परिणाम झाला होता. डॉक्टरांनी पायाच्या शिरेतून सलाईन आणि प्रतिजैविक सुरू केले आणि सांगितले की काही तास तिला सावरू द्यायचे आणि आजच गर्भाशय काढायचे. औषधांनी पू बाहेर काढण्याचे उपाय आहेत, पण ते तरुण, पुढे पिल्ले हवी असलेल्या कुत्रीसाठी विचारात घेतात. या वयात आणि तोंड बंद असताना त्यांवर वेळ घालवणे धोक्याचे आहे. गर्भाशय पोटात फुटले तर मग हातात काही उरणार नाही.

एव्हाना अण्णा आणि सासूबाई दुसऱ्या रिक्षाने येऊन पोहोचले होते. अण्णांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हातारपणी तिला फाडू नका. जे काही व्हायचं ते घरी होऊ द्या. माझ्यापाशी." त्यांच्या थोरल्या भावाचे वयाच्या ८१व्या वर्षी ऑपरेशन झाले होते आणि त्यानंतरचे सगळे दिवस त्यांनी नळ्या लावलेल्या अवस्थेत काढले होते. अण्णा तेव्हा रोज काचेबाहेर उभे राहून परत येत असत. त्यांच्या डोळ्यांसमोर काय होते ते आम्हा सगळ्यांना दिसत होते, म्हणून त्यांना उलट बोलण्याची हिंमत कोणाला होईना. नवऱ्याने हळूच विचारले की तिला झोपेचे इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ देणे योग्य ठरेल का. बाकावर बसलेल्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांनी त्या प्रश्नाचा अव्हेर केला नाही. त्या अण्णांच्या समोर स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, टेबलावरच जीव जाऊ शकतो, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. तिचं हृदय मी तपासलंय, ते चांगलं आहे. वय हा आजार नाही. आजार पोटात आहे, आणि तो काढता येण्यासारखा आहे. नाही काढला तर दोन-तीन दिवस, आणि ते दिवस तिला फार जड जातील."

मला त्या क्षणी जे उमगले ते असे. आम्ही सगळे तिच्या वयाकडे पाहून भांडत होतो, आणि डॉक्टर आजाराकडे पाहत होत्या. तिला पसरलेला कर्करोग असता किंवा मूत्रपिंडे निकामी झाली असती, तर मी अण्णांच्या शेजारी जाऊन उभी राहिले असते आणि तिला घरी, त्यांच्या खाटेपाशी, नेले असते. अशा वेळी जाऊ देणे ही मायाच असते असे मला अजूनही वाटते. पण इथे विष एका पिशवीत होते, आणि ती पिशवी काढून टाकता येत होती.

अण्णा काही वेळ गप्प होते. मग त्यांनी डॉक्टरांना विचारले, "पू झालाय म्हणता, मग बाहेर का येत नाही?" डॉक्टर म्हणाल्या, "तोंड बंद झालंय. वरून काही कळत नाही." अण्णांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. ते म्हणाले, "पेवासारखं."

ज्यांनी पेव पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. सांगलीजवळ हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल खणलेली पेवे होती. वर माणूस उतरेल एवढेच अरुंद तोंड आणि खाली रांजणासारखा रुंद पोटाचा खड्डा. माल भरून तोंड मातीने बंद केले की हळद वर्षानुवर्षे टिकत असे. उघडताना आत लगेच कोणी उतरत नसे, कारण कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरतो. २००५च्या महापुरात त्यांतल्या कितीतरी पेवांत पाणी शिरले. अण्णांनी त्या दिवसांत मालकांबरोबर हरिपूरला खेटे घातले होते. वरून माती जशीच्या तशी, आणि खाली पोती कुजत चाललेली. त्या वासाची आठवण ते अजून सांगतात.

"पेवात पाणी गेलं की मग झाकून ठेवून उपयोग नसतो," अण्णा म्हणाले. "उघडायलाच लागतं. उघडा तुम्ही."

खर्चाचा आकडा १८,००० रुपयांच्या आसपास सांगितला गेला. सासूबाईंनी त्याच महिन्यात उचललेल्या भिशीचे पैसे पिशवीतून आणले होते. घरातून निघताना त्यांनी ते कोणाला न विचारता घेतले होते, म्हणजे त्यांचा निर्णय आम्हा सर्वांच्या आधीच झाला होता. नंतर शेजारपाजारचे कोणी कोणी म्हणाले की कुत्र्यावर एवढा पैसा घालायचा का. ज्याला जे जमते ते तो करतो आणि ज्याला जमत नाही त्याची माया कमी असते असेही नाही. पण आमच्याजवळ ते पैसे होते आणि आम्ही ते तिच्यावर खर्च केले, याबद्दल मला कोणाला काही समजावून सांगावेसे वाटले नाही.

ऑपरेशन संध्याकाळी पाचला सुरू झाले आणि पावणेदोन तास चालले. तिच्या गळ्यातला घुंगराचा पट्टा काढून अण्णांच्या हातात दिला होता. तो वाजू नये म्हणून ते घुंगरू मुठीत घट्ट धरून बसले होते. दार उघडले तेव्हा डॉक्टरांच्या हातात स्टीलचा ट्रे होता. पाहायचे का, असे त्यांनी आधी विचारले. मी पाहिले. निरोगी कुत्रीचे गर्भाशय पेन्सिलीएवढे बारीक असते. या ट्रेमध्ये जाड पडवळासारखे फुगलेले, काळपट लाल असे दोन नळे होते आणि त्यांचे वजन सव्वा किलो भरले होते. तेवढे ओझे पोटात घेऊन ती आठवडाभर आमच्या मागे मागे घरभर फिरत होती. स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसत होती. मी आल्यावर शेपटी हलवत होती. कुत्री दुखणे लपवतात असे म्हणतात, पण आता मी तसे म्हणणार नाही. तिने पाण्याने, लघवीने, टाकलेल्या भाकरीने, कोपऱ्यावरून वळून, जमेल तितक्या प्रकारे सांगितले होते.

दोन दिवस ती दवाखान्यात सलाईनवर होती आणि मंगळवारी संध्याकाळी घरी आली. भूल उतरल्यावर आणि नंतरही तिला हुडहुडी भरत होती, म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून तिच्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या, पण उघडी बाटली अंगाला लागू द्यायची नाही, असे सांगितलेले होते. गळ्यात प्लास्टिकची मोठी कॉलर होती, कारण टाके चाटले तर उसवतात आणि जखम चिघळते. वेदनेवरच्या गोळ्या डॉक्टरांनी मोजून दिल्या होत्या आणि एक ताकीद दोनदा दिली होती: घरात माणसांसाठी असलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी अर्धीसुद्धा द्यायची नाही, तिने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे बिघडतात. शुक्रवारी रात्री ती कण्हत होती तेव्हा नवरा नेमकी तीच गोळी शोधत होता. ती सापडली नाही, ही देवाची कृपा म्हणावी.

खाण्याचे फार हाल झाले. आमच्या घरात कांदा-लसूण चटणीशिवाय आमटी होत नाही, आणि कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक. म्हणून सासूबाईंनी वेगळी कढई काढली. तिच्यात फक्त हळदीसाठी मऊ भात आणि कोंबडीचे अळणी पाणी शिजू लागले. पहिले दोन दिवस ती तोंड फिरवत होती. तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या बोटांवरचा भात तिने चाटला, मग दुसरा घास घेतला, मग डोके खाली ठेवून झोपली. चार घास खाल्ले म्हणून त्या दिवशी सासूबाईंनी गणपतीला नारळ बोलला.

आणि अण्णांनी कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, सुरू केली. निवृत्त झाल्यापासून त्यांची लाल बांधणीची एक कोरी वही कपाटात पडून होती. डॉक्टरांनी पाणी किती पिते आणि लघवी किती वेळा होते ते लिहून ठेवा, असे सांगितले होते. मी मोबाईलमध्ये लिहीन म्हणाले, पण अण्णांनी ऐकले नाही. त्यांनी पानाच्या मध्ये रेघ मारली. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. जमेकडे पाणी, भात, गोळ्या. नावेकडे लघवी, उलटी, शी. चाळीस वर्षांच्या सवयीचे तिरके, बारीक मोडीसारखे अक्षर. माझ्यापुढे आत्ता ते पान आहे: "गुरुवार. जमा: पाणी १,४०० मिली. भात ४ घास. गोळी २. नावे: लघवी ६ वेळा. उलटी नाही. रात्री अडीचला कण्हली, हात ठेवल्यावर थांबली." हात ठेवल्याची नोंद कोणत्या बाजूला करावी हे त्यांना ठरवता आले नसावे, ती मधल्या रेघेवर लिहिली आहे.

त्या रात्री आम्ही पाळीपाळीने तिच्याजवळ जमिनीवर झोपत होतो. माझी पाळी असली की मला झोप येत नसे. मन एकाच जागी फिरत राहायचे. आमच्या गल्लीत एक काळी भटकी कुत्री आहे, तिच्या कानाला खाच आहे. म्हणजे तिला पकडून नेऊन, नसबंदी करून, खुणेसाठी कान कापून पुन्हा गल्लीत सोडलेले आहे. जिला घर नाही तिला हा आजार आता होणार नव्हता, आणि जी आमच्या गोधडीवर झोपते तिची नसबंदी आम्ही केली नव्हती. नसबंदी ही पिल्ले होऊ नयेत म्हणून करतात, आणि आमची तर घरातच असते, माजाच्या दिवसांत तिला आम्ही बाहेर सोडत नाही, मग कशाला उगाच, एवढाच आमचा विचार होता. तो वाईट हेतूने केलेला विचार नव्हता, पण तो अपुरा होता, आणि त्याची किंमत तिने भरली. ज्यांच्या घरी अशी कुत्री आहे त्यांनी ती तरुण आणि धडधाकट असतानाच आपल्या डॉक्टरांशी हे बोलून घ्यावे, असे मी आता भेटेल त्याला सांगते. आणि नसबंदी झालेली नसेल तर प्रत्येक माजाची तारीख कॅलेंडरवर लिहून पुढचे दोन-तीन महिने पाण्याच्या भांड्याकडे लक्ष ठेवावे, हेही सांगते. कुत्रीच्या माजाविषयी बोलायला आपल्याकडे माणसे संकोचतात. आमच्या घरात फरशीवरचे डाग सासूबाई वर्षानुवर्षे मुकाट्याने पुसत होत्या आणि त्यामुळे ती तारीख फक्त त्यांनाच ठाऊक होती.

तेराव्या दिवशी टाके काढले. एका ठिकाणी जखम थोडी ओली होती, तिथे आणखी आठवडाभर मलम लावावे लागले. पांढऱ्या पेशी उतरून जागेवर आल्या. क्रिएटिनिन मात्र १.८च्या खाली आले नाही. मूत्रपिंडांचे जे नुकसान झाले त्यातले थोडे कायमचे राहिले असावे, असे डॉक्टर म्हणतात, आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला सांगतात. तिचे मागचे पाय पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. जिना ती आता एका दमात चढत नाही. मधल्या पायरीवर थांबते आणि मागे वळून कोणी येते आहे का ते पाहते. कोणीतरी येतेच.

अण्णांना आम्ही दोनदा सुचवले की आता रोज लिहिण्याची गरज नाही. त्यांनी दुसरी वही आणली. काल रात्री मी दिवे मालवून मागचे दार लावायला गेले, पातेल्यात उरलेले पाणी मापात ओतून पाहिले आणि पातेले विसळून पुन्हा भरून ठेवले. आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "किती?"

"नऊशे," मी म्हणाले.

आत वहीचे पान उलटल्याचा आवाज झाला, आणि खाटेखाली झोपलेल्या हळदीचे घुंगरू एकदा वाजले.